ढेकूळ पाण्यात सोडा, जमीन कशी आहे ते पाहा

माती परीक्षणाच्या अहवालात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यांचे आकडे येतात. पण पहिल्या जोरदार पावसात जमिनीवर पापडी का धरते, ते या आकड्यांवरून नीट कळत नाही. त्यासाठी मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड बघावी लागते, आणि ती घरी काचेच्या ग्लासात बघता येते.

वरच्या चार बोटांच्या थरातून बोराएवढी ढेकळे घ्या. काही पिकाच्या जागेतली, काही त्याच शेताच्या बांधावरच्या गवताच्या मुळांखालची. सावलीत चांगली खडखडीत वाळवा. यात घाई नको, कारण ओलसर ढेकूळ सहजी फुटत नाही आणि जमीन उगाच चांगली वाटते.

पाणी पावसाचे घ्या, नाहीतर बॅटरीत घालायचे. विहीर-बोअरच्या पाण्यातले क्षार चिकणमातीचे कण धरून ठेवतात, त्यामुळे जमिनीतला दोष झाकला जातो. दोन ग्लास भरा, ढेकळे चमच्याने अलगद तळाशी सोडा. ढवळू नका, ग्लास हलवूही नका.

पाच मिनिटांनी आणि मग दोन तासांनी बघा. ढेकूळ शाबूत राहिले तर पकड चांगली. बुडबुडे येऊन ते विसकटले, पण पाणी नितळ राहिले, तर आत शिरणाऱ्या पाण्याने कोंडलेली हवा बाहेर ढकलली आणि कणांना बांधणारा सेंद्रिय डिंक कमी पडला. काळ्या जमिनीत मात्र लगेच निकाल देऊ नका. तिची चिकणमाती फुगते, त्यामुळे चांगल्या जमिनीचेही बारीक रवाळ तुकडे पडतात. म्हणून तर बांधावरचे ढेकूळ शेजारी हवे! ते टिकले आणि शेतातले विसकटले, तर फरक बहुधा मशागतीचा. नांगरट कमी करा, उसाचे पाचट जाळू नका, ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिके जमिनीत गाडा. मुरमाड, रेताड मातीला ही चाचणी लावण्यात अर्थ नाही.

ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला तर प्रकरण वेगळे. जमीन सोडियममुळे चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होत असल्याची ही खूण असू शकते. अशा वेळी नमुना प्रयोगशाळेत देऊन विनिमययोग्य सोडियमचे, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमचे, प्रमाण मुद्दाम मागा. जिप्सम टाकायचे का आणि किती, ते त्या अहवालावरून ठरवा. पण त्याआधी चर काढा. जिप्सममुळे कणांपासून सुटलेले सोडियम निचऱ्यावाटे बाहेर गेले नाही, तर जिप्समचा खर्च वाया जातो.