कवितेचा अर्थ कानाने कसा लावावा

शाळेत अनुप्रास आपण अलंकारांच्या यादीत पाठ करतो. एकाच अक्षराची पुनरावृत्ती, त्यामुळे नादमाधुर्य, उदाहरण एक, गुण दोन. परीक्षेपुरतं ते ठीक आहे, पण त्यामुळे नाद म्हणजे ओळीला वरून लावलेली झालर असं वाटू लागतं. चांगल्या कवीकडे नाद अर्थाचंच काम करतो. ते काम कसं चालतं हे कळायला मोठ्याने वाचायची तयारी पुरते. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. उदाहरणाच्या बहुतेक ओळी या लेखासाठीच जुळवल्या आहेत, त्यामुळे त्या बिनधास्त मोडून पाहा.

१. तोंडाने वाचा

कविता आधी नेहमीच्या गतीने आणि मग अगदी सावकाश म्हणा. दुसऱ्या वेळी लक्ष जिभेकडे ठेवा. आपली वर्णमालाच घशाकडून ओठांकडे लावलेली आहे: क-ग घशापाशी, च-ज टाळूला, ट-ड जीभ वर वळवून, त-द दातांना, प-ब ओठांवर. ख, घ, ध, भ म्हणताना तोंडासमोर तळहात धरा, श्वासाचा झोत लागेल. ही महाप्राण व्यंजनं. एवढं भांडवल पुरे.

२. परत येणाऱ्या अक्षराखाली रेघ ओढा

गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून पुराचा अंदाज बांधायची इथली जुनी रीत आहे. त्या पुरावरच्या दोन ओळी घेऊ:

घाटावर घोंगावत गढूळ गंगा आली,
दगडी देवळांची सारी दारे दणाणली.

पहिल्या ओळीत घ, घ, ग, ग. चारही घशातले. 'घाटावर घोंगावत' म्हणताना प्रत्येक घ बरोबर श्वास बाहेर ढकलावा लागतो, म्हणजे पाण्याचा लोट वाचणाऱ्याच्या छातीतून निघतो. दुसऱ्या ओळीत कवी घसा सोडून दातांवर येतो: द, द, द, द. जीभ दातांवर चार ठोके देते, आणि पाणी दारावर धडकतं. इथे अनुप्रास एका अक्षराचा नाही, तो एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकतो, आणि त्या सरकण्यातच पूर घाटावरून देवळापर्यंत पोचतो. रेघा ओढताना अक्षर बदलतं कुठे हे म्हणूनच पाहायचं. बहुतेकदा प्रसंगही तिथेच बदललेला असतो.

३. शब्द बदला आणि काय गेलं ते पाहा

सगळ्यात उपयोगी पायरी हीच. अर्थ तोच ठेवून शब्द बदला:

तीरावर वेगाने मळकट नदी आली,
पाषाणाच्या मंदिरांची कवाडे हलली.

माहिती जवळपास सगळी शिल्लक आहे. नदी आहे, वेग आहे, दारंही हलली. पूर मात्र ओसरला. जे गेलं तेवढं काम नाद करत होता. कुठल्याही कवितेवर ही कसोटी लावा. शब्द बदलूनही फारसं काही गेलं नाही, तर तिथला अनुप्रास नुसती सजावट होता असं खुशाल म्हणा, कवी कितीही मोठा असो.

४. नादानुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांत खोलवर ऐका

मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे. पावसाचेच शब्द घ्या: भुरभुर, रिपरिप, रपरप, धो धो. रिपरिप आणि रपरप यांत व्यंजनं तीच आहेत, फरक फक्त इ आणि अ यांचा. इ म्हणताना तोंड जेमतेम उघडतं. थेंब बारीक होतो, आणि शेवटचा प प्रत्येक वेळी ओठ मिटवतो, म्हणून पाऊस तुटक, चिवट, कंटाळवाणा वाटतो. अ ला तोंड मोकळं होतं, थेंब जाड होतात, पायाखाली चिखल येतो. 'भुरभुर' मधला भ नुसता श्वास सोडतो, त्या पावसाला वजनच नाही. 'धो धो' मध्ये महाप्राण ध आहे आणि पुढे उघडा ओ. शेवटी अडवायला व्यंजन नाही, तसा तो पाऊसही थांबत नाही.

म्हणून कवीने 'रिपरिप' लिहिलं असेल तर पावसाच्या प्रमाणाबरोबर खिडकीशी बसलेल्या माणसाचा कंटाळाही त्याने सांगितला आहे. तो कंटाळा कवितेत इतरत्र शब्दाने आलेला नसेल, तर तो फक्त कानालाच सापडतो.

५. अक्षरांना कायमचा स्वभाव चिकटवू नका

संस्कृत काव्यशास्त्राने माधुर्य आणि ओज (म्हणजे जोम) असे गुण सांगितले. माधुर्यात ट, ठ, ड, ढ टाळायचे, ओजात तेच आणि जोडाक्षरं मुद्दाम आणायची. दिशा म्हणून हे उत्तम आहे. पण 'ट म्हणजे कठोर' असा तक्ता करून बसलात तर 'टपोर मोगरा' पाशी अडाल. तिथे ट मुळे कळीला भरीवपणा येतो. अक्षर एकटं काही सांगत नाही, शब्दाचा अर्थ जिकडे झुकतो तिकडे ते जोर लावतं.

नाशिकजवळच्या टाकळीत समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं, अशी परंपरा आहे. त्यांची शंकराची आरती घराघरांत म्हटली जाते: 'लवथवती विक्राळा ब्रह्मांडी माळा'. पहिला शब्द पाहा. ल, व, थ, व, त: एकही जोडाक्षर नाही, जीभ नुसती लवलवते. लगेच 'विक्राळा', 'ब्रह्मांडी' ही जड जोडाक्षरं येतात. हलणारं आणि अवजड एकाच ओळीत. गणपतीत टाळ्यांच्या गजरात हे निसटून जातं. एकदा टाळ्यांशिवाय म्हणून पाहा.

६. यमकाची जोडी एकत्र वाचा

ओळींची शेवटची अक्षरं जुळली, एवढ्यावर थांबू नका. जुळलेले दोन शब्द शेजारी लिहून काढा आणि त्यांचं एकमेकांशी काय नातं आहे ते विचारा.

झोपाळ्याच्या कड्यांत गाई आजोबांचा वाडा,
कागद आला, शिक्का आला, आता म्हणती पाडा.

वाडा आणि पाडा यांत एका अक्षराचा फरक. तेवढं अक्षर बदललं आणि घर गेलं. जुन्या नाशकात असे वाडे ज्यांनी उतरताना पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. आणखी एक ऐका: पहिल्या ओळीतले लांब आ, ओ झोपाळ्यासारखे झुलतात, तर दुसरीतला 'शिक्का' दुहेरी क्क मुळे कागदावर आपटतो. याउलट पाणी-गाणी किंवा मन-क्षण अशी जोडी आली की पुढचा शब्द आधीच कळतो आणि कान झोपतो.

चालीकडेही थोडं लक्ष द्या. 'मोठा अभंग' या छंदात सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरांचे चरण असतात, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं. शेवटचा आखूड चरण यमकातून सुटून खाली टेकतो, म्हणून निर्वाणीचं वाक्य तिथे ठामपणे बसतं.

७. आता स्वतः लिहा

हे सगळं पक्कं व्हायला चार ओळी लिहून पाहण्यासारखा उपाय नाही. जवळचा एखादा आवाज निवडा. भांडी बाजारात पितळी हंडा फरशीवर टेकतो तो आवाज चालेल. अट एकच: 'आवाज', 'नाद', 'ध्वनी' हे शब्द वापरायचे नाहीत. आधी अर्थ साध्या भाषेत लिहा, मग त्या अर्थाला हवी ती अक्षरं शोधा. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी च ठरवून मग चमचा, चटणी, चिमणी गोळा केलीत, तर जीभ वळवायचा खेळ हाती येईल.

वाचनासाठी १८४० साली सुरू झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून एखादा जुना संग्रह आणा. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, शहरात कवितावाचन ऐकायला मिळालं तर डोळे मिटून ऐका. आणि तुमच्या चार ओळी दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचणारा कुठे अडखळतो तिथे खूण करा, मग ती जागा सुधारा. तिथे अडखळणंच तुम्हाला हवं असेल, तर ओळ तशीच राहू द्या.