मिठाच्या मैदानावर धावणारी जुनी कूपे कशी बांधावी

अमेरिकेच्या युटा राज्यात वेंडोव्हर गावाजवळ बॉनेव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे आणि तेथे १९४९ पासून ‘स्पीड वीक’ हा वेगाचा मेळा भरत आला आहे. ऑगस्टमध्ये होणाऱ्या या मेळ्यात गाड्या एकमेकींशी शर्यत लावत नाहीत. प्रत्येक गाडी एकटीच सरळ रेषेत धावते आणि आखून दिलेल्या मैलातील तिचा सरासरी वेग घड्याळ नोंदवते. १९३० च्या दशकातील फोर्डच्या दोन दारांच्या कूपे तेथे आजही उत्साहाने धावतात. अशी गाडी बांधण्याचे मनात आले की बहुतेकांचे बोलणे इंजिनापासून सुरू होते. माझ्या मते इंजिन हे या कामातील शेवटचे मोठे पाऊल आहे. आधी नियम, मग चालकाभोवतीचा पिंजरा, मग सरळ चालणारी चासी, त्यानंतर हवेला कमी अडवणारी बॉडी आणि सर्वांत शेवटी इंजिन, या क्रमाने गेल्यास एकच काम दोनदा करावे लागत नाही आणि गाडी तपासणीतून परत पाठवली जाण्याची वेळही सहसा येत नाही.

आधी वर्ग, मग गाडी

बॉनेव्हिलच्या स्पीड वीकचे आणि कॅलिफोर्नियातील एल मिराज या कोरड्या तलावावरील धावांचे नियमन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही १९३७ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. तिचे चालू वर्षाचे नियमपुस्तक विकत घेणे हा या प्रकल्पाचा पहिला खर्च असावा. गाडीचा वर्ग बॉडीचा प्रकार, इंजिनाची घनक्षमता आणि इंधन या तीन गोष्टींवरून ठरतो. जुन्या कूपेंसाठी स्वतंत्र विभाग आहे. त्यातील काही वर्गांत टप कापण्यास (म्हणजे खांब छाटून छप्पर खाली आणण्यास) आणि इंजिन मागे सरकवण्यास मुभा असते, काहींत नसते. फोर्डने १९३२ ते १९५३ या काळात बनवलेल्या फ्लॅटहेड व्ही-८ (झडपा सिलिंडरच्या शेजारी असलेल्या, आठ सिलिंडरांच्या) इंजिनालाही स्वतःचा वर्ग आहे, त्यामुळे नव्या, कितीतरी ताकदवान इंजिनांशी त्याची तुलना होत नाही. आपल्या वर्गातील सध्याचा विक्रम पाहून तो एका कागदावर लिहावा, कारण पुढचे सगळे हिशेब त्या आकड्यावरून सुरू होतात.

गाडी निवडताना चाकांमधील अंतराकडे लक्ष द्यावे. मॉडेल ए फोर्डमध्ये हे अंतर १०३.५ इंच, १९३२ च्या गाडीत १०६ इंच आणि १९३३-३४ च्या गाडीत ११२ इंच आहे. लांब गाडी निसरड्या पृष्ठभागावर अधिक स्थिर राहते. शिवाय १९३३-३४ च्या गाडीची पुढची जाळी आणि काच मुळातच कललेली असल्याने ती हवेलाही कमी अडवते. मात्र १९३२ च्या गाडीचे खांब जवळजवळ उभे असल्याने तिचा टप कापणे सोपे जाते. जिचे तळपत्रे गंजून गेले आहेत, पण काचेचे खांब, दारांच्या चौकटी आणि टप शाबूत आहेत अशी बॉडी सर्वांत योग्य, कारण तळ आपण तसाही नव्याने घालणारच असतो. एखादी संपूर्ण, मूळ रूपातील, कोणीही न कापलेली कूपे हाती लागली तर ती मात्र या कामासाठी वापरू नये. तशा गाड्या फार थोड्या उरल्या आहेत आणि एकदा कापलेला टप मूळ रूपात परत येत नाही.

पिंजरा आणि चासी

मूळ चासीचे दोन लांब पाट वाळूच्या माऱ्याने स्वच्छ करून त्यांतील चिरा, जुनी वेल्डिंग आणि रिव्हेटची सैल झालेली भोके तपासावीत. नंतर चासी सपाट, पातळीत बसवलेल्या टेबलावर घट्ट आवळावी आणि कर्ण मोजावेत. दोन्ही कर्ण जुळल्याशिवाय एकही नळी जोडू नये. पाटांच्या आतून पत्रा लावून त्यांची पेटी करावी आणि मध्ये आडवे आधार घालावेत.

सुरक्षा-पिंजऱ्यासाठी नळीचा बाहेरील व्यास, तिच्या भिंतीची जाडी, आडव्या-तिरप्या नळ्यांची जागा आणि कोपऱ्यांतील पट्ट्या यांबद्दल नियमपुस्तकात सांगितले आहे ते किमान समजावे. पिंजरा चासीला जोडलेला असावा, केवळ तळपत्र्याला नव्हे. वेल्डिंगमध्ये आपला हात बसलेला नसेल तर हे काम जाणत्या वेल्डरकडे द्यावे. खर्च वाचवण्यासाठी गाडीत दुसऱ्या अनेक जागा आहेत. चालकाची बैठक आधी तात्पुरती बसवावी, चालकाला शिरस्त्राण घालून तिच्यात बसवावे आणि डोक्याभोवती किती जागा उरते ते पाहूनच वरच्या नळ्या वाकवाव्यात. टप नंतर कापायचा असेल तर हा हिशेब कापलेल्या उंचीवरूनच केला पाहिजे. चालक आणि इंजिन, तसेच चालक आणि इंधनाची टाकी यांच्यामध्ये छिद्र नसलेली धातूची भिंत असावी. आग विझवणारी बसवलेली यंत्रणा, इंधन बंद करण्याची कळ, क्लचभोवतीचे संरक्षक कवच, हातांना आवर घालणारे पट्टे आणि मान-डोके सांभाळणारे उपकरण यांच्या जागा याच टप्प्यावर ठरवाव्यात. बसलेल्या स्थितीत, पट्टे आवळलेले असताना, चालकाचा हात प्रत्येक कळीपर्यंत पोहोचला पाहिजे. तपासणीस हे स्वतः पाहतात आणि गाडीतून झटपट बाहेर पडूनही दाखवायला लावतात.

पुढील आडवी पाट्यांची स्प्रिंग आणि अखंड अॅक्सल ही फोर्डची जुनी रचना या कामाला पुरेशी आहे, फक्त तिचे प्रत्येक भोक, खिळा आणि बुश नवा असावा. पुढचे चाक जिच्याभोवती वळते ती स्टिअरिंगची खीळ वरच्या टोकाला मागे झुकवल्यास चाके आपोआप सरळ राहू पाहतात. रस्त्यावरच्या गाडीपेक्षा हा कल जास्त ठेवावा. स्टिअरिंग जड झाले तरी चालेल, कारण येथे वळणेच नाहीत.

वजनाच्या बाबतीत रस्त्यावरच्या शर्यतींचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही. मिठावर टायरची पकड डांबरापेक्षा बरीच कमी असते आणि वेग घेण्यासाठी काही मैल मोकळे असतात, त्यामुळे हलकी गाडी जागच्या जागी चाके फिरवत राहते आणि जड गाडी शांतपणे पुढे जाते. म्हणूनच जाणकार मंडळी गाडीत शिशाच्या विटा भक्कम बोल्टने आवळतात. हे वजन कोठे ठेवायचे यावर मात्र बरेच काही अवलंबून आहे. गाडीचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्यबिंदूपुढे असला तर बाजूचा वारा लागल्यावर गाडी स्वतःहून सरळ होते. तो मागे गेला तर ती फिरू पाहते. सगळे वजन मागच्या चाकांवर टाकण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

टप कापणे

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. एक हिशेब करून पाहू. समोरून दिसणारे क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर, अडथळ्याचा गुणांक ०.५ आणि उन्हाळ्यात बॉनेव्हिलच्या उंचीवर हवेची घनता दर घनमीटरला साधारण १ किलो धरली, तर ताशी १२० मैल म्हणजे १९३ किलोमीटर वेगाला केवळ हवेसाठी सुमारे ८८ अश्वशक्ती लागते. ताशी १५० मैलांना, म्हणजे २४१ किलोमीटरला, तीच गरज सुमारे १७२ अश्वशक्तीपर्यंत जाते. वेग सव्वापट आणि शक्ती जवळजवळ दुप्पट! जुन्या इंजिनातून ही वाढीव शक्ती काढण्यापेक्षा अडथळा कमी करणे स्वस्त पडते.

टप ३ इंच खाली आणला तर समोरचे क्षेत्रफळ सुमारे ५ टक्क्यांनी घटते. काचेचा कल बदलल्याने होणारा लाभ त्याहून मोठा असू शकतो आणि याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे पियर्सन बंधूंची १९३४ ची फोर्ड कूपे. काचेची किमान उंची नियमात होती, पण ती किती कललेली असावी याबद्दल नियमात काही नव्हते. बॉब आणि डिक पियर्सन यांनी काच एवढी मागे झुकवली की नियमही पाळला गेला आणि हवेलाही वाट मिळाली. १९४९-५० च्या सुमारास ती गाडी फ्लॅटहेड इंजिनावर ताशी १४० मैलांच्या पुढे गेली. नियम बारकाईने वाचण्याचे फळ इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी गाडी मला माहीत नाही.

कापण्यापूर्वी दारे बंद करून बॉडीच्या आत चौकोनी नळ्यांचे आधार सर्व दिशांनी जोडावेत, अन्यथा टप सुटताच बॉडी उमलते आणि दारे पुन्हा बसत नाहीत. खांबांवर चिकटपट्टी लावून दोन समांतर रेषा आखाव्यात आणि मापे दोघांनी वेगवेगळी घेऊन ताडून पाहावीत. कललेल्या खांबांच्या गाडीत टप सरळ खाली आणला की वरचा आणि खालचा खांब एका रेषेत येत नाहीत. अशा वेळी टप मधोमध आडवा कापून, मध्ये पत्र्याची पट्टी घालून लांबवावा लागतो, किंवा खांब बुंध्याशी कापून मागे झुकवावे लागतात. जोड प्रथम वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी धरावेत, दारे उघडून-मिटून पाहावीत आणि मगच थोडे थोडे, जागा बदलत, थंड होऊ देत वेल्डिंग पूर्ण करावे. सलग वेल्डिंगने पातळ पत्रा वेडावाकडा होतो आणि मग हातोडी-ठोकळ्याचे काम संपतच नाही. गाडीचे पोट सपाट पत्र्याने झाकणे, पुढची जाळी अंशतः बंद करणे अशा गोष्टी आपल्या वर्गात चालत असतील तरच कराव्यात.

इंजिन आणि गिअर

फ्लॅटहेडची निवड भावनेपोटी केली तरी चालेल, पण त्याचे स्वभावदोष ओळखून करावी. यात एक्झॉस्ट झडपांमधून निघालेला तापलेला वायू ब्लॉकमधूनच बाहेर जातो आणि प्रत्येक बाजूला चार सिलिंडरांना तीनच तोंडे असल्याने मधल्या दोघांना एक तोंड वाटून घ्यावे लागते. त्यामुळे हे इंजिन तापते आणि झडपांच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत चिरा पडतात. ब्लॉक विकत घेण्यापूर्वी, निदान त्यावर लेथ किंवा बोअरिंगचा खर्च करण्यापूर्वी, तो उकळत्या रसायनात स्वच्छ करून चुंबकीय पद्धतीने तपासून घ्यावा.

मूळ २३९ घनइंची इंजिनात बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ ३/१६ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३.७५ इंच असतो. त्यात फोर्डच्याच मर्क्युरी गाड्यांचा ४ इंच स्ट्रोकचा क्रँक बसवला की २५५ घनइंच होतात आणि बोअर ३ ५/१६ इंच केला की सुमारे २७६. याहून मोठा बोअर करण्याआधी भिंतींची जाडी ध्वनिलहरींनी मोजावी. या इंजिनात झडपा सिलिंडरच्या शेजारी असल्याने काँप्रेशन वाढवण्यासाठी हेडमधील पोकळी कमी केली की हवेची वाटही अरुंद होते. म्हणून काँप्रेशनचा मोठा आकडा गाठण्याच्या मागे न लागता, हवेचा प्रवाह राखून जेवढे मिळेल तेवढ्यावर थांबावे. बॉनेव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंच असल्याने इंजिनाला श्वासासाठी विरळ हवा मिळते आणि घरी मोजलेल्या शक्तीचा साधारण आठवा हिस्सा तेथे गळतो. ऑगस्टच्या उन्हात ही घट आणखी वाढते, म्हणून कार्बोरेटरचे वेगवेगळे जेट सोबत न्यावेत.

गिअरचा हिशेब सोपा आहे. इंजिनाचे मिनिटाला फेरे गुणिले टायरचा इंचांतील व्यास, भागिले ३३६ आणि मागच्या गिअरचे गुणोत्तर, हे उत्तर ताशी मैलांत येते. ५,५०० फेरे, २८ इंची टायर आणि ३.०० गुणोत्तर असेल तर सुमारे १५३ मैल. मिठावर चाक थोडे घसरतेच. ५ टक्के घसरण धरली तर प्रत्यक्षात १४५ मैल हाती लागतात. ‘क्विक-चेंज’ प्रकारचा मागचा गिअरबॉक्स घेतल्यास हे गुणोत्तर मैदानावरच बदलता येते आणि माझ्या मते जुन्या कूपेत यासारखा उपयुक्त खर्च दुसरा नाही. एवढ्या उंच गिअरवर गाडी जागेवरून काढताना क्लच जळतो, म्हणून मागून दुसऱ्या गाडीने ढकलून सुरुवात करण्याची तेथे रूढ पद्धत आहे. मागच्या बाजूला त्यासाठी भक्कम दांडा बसवावा. टायर ज्या वेगासाठी प्रमाणित आहेत तो वेग आपल्या अपेक्षेपेक्षा जास्त असावा आणि हवेच्या नळीवर धातूचीच टोपी असावी.

मैदानावर

नव्या चालकाला पहिल्याच दिवशी पूर्ण वेग घेऊ देत नाहीत. ताशी १२५ मैलांच्या आतील धावेपासून परवान्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात. या धावांत कान इंजिनाकडे आणि लक्ष तेलाच्या दाबाकडे असावे. अॅक्सलरेटर हळूहळू दाबावा आणि गाडी सरकू लागली तर पाय सावकाश उचलावा. विक्रमासाठी दोन धावा लागतात. पहिलीत विक्रमापेक्षा जास्त वेग नोंदवला की गाडी राखीव आवारात ठेवली जाते, दुसऱ्या सकाळी पुन्हा धावते आणि दोन्हींची सरासरी धरली जाते. हवामानाचा भरवसा मात्र नसतो: २०१४, २०१५ आणि २०२२ या वर्षांचे स्पीड वीक पाणी किंवा खराब पृष्ठभाग यांमुळे रद्द झाले. प्रवासाचे पैसे आणि रजा यांचे नियोजन हे ध्यानात ठेवूनच करावे.

धाव संपली की मीठ चाकांच्या कमानींत, पेटी केलेल्या चासीच्या आत आणि विजेच्या जोडांवर घट्ट बसते, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेला महिने लागतात ते काम ते काही दिवसांत करते. मैदानावरून बाहेर पडताच जवळच्या धुलाईकेंद्रावर गाडी खालून भरपूर गोड्या पाण्याने धुवावी. घरी आल्यावर चाके, ब्रेकचे ड्रम आणि पोटाचे पत्रे काढून पुन्हा धुवावीत, चासीच्या बंद पेटीत पाणी सोडून ते स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यावे आणि सर्व काही कोरडे झाल्यावर तेल फवारावे. पुढच्या धावेपूर्वी पिंजऱ्याचे प्रत्येक जोड आणि स्टिअरिंगचा प्रत्येक खिळा उजेडात पुन्हा तपासावा.