संमतीपत्राच्या फूटरमधली एक ओळ

माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडून संशोधकाची फाइल परत येते तेव्हा शास्त्र क्वचितच आडवं आलेलं असतं. बहुतेकदा घोळ एवढाच, की सहभागी होणाऱ्यांनी सही करायची मराठी आणि इंग्रजी संमतीपत्रं जुळत नाहीत. गाइडनं इंग्रजीत घ्यायचं रक्त ५ मिली केलं, मराठीत ३ तसंच राहिलं.

१. दोन्ही प्रतींच्या प्रत्येक पानाच्या फूटरमध्ये ‘आवृत्ती २, १० जून २०२५, पान १/३’ अशी ओळ टाका. फाइलच्या नावातही तेच. ‘फायनल_नवीन_फायनल’ कृपा करून नको.

२. परिच्छेदांना दोन्हीकडे सारखेच क्रमांक द्या, म्हणजे बोट ठेवून ताडून पाहता येतं.

३. एका प्रतीत एक शब्द जरी बदलला, तरी दोन्हींची आवृत्ती एकदमच वाढवा.

४. मराठी प्रत विषयाबाहेरच्या कुणाला मोठ्यानं वाचून दाखवा. ‘यादृच्छिक निवड’ म्हटलं की हडपसरच्या भाजीवाल्या मावशी नुसत्या मान हलवतात. ‘चिठ्ठ्या टाकून निवड’ म्हटलं की लगेच विचारतात, ‘मग माझी चिठ्ठी निघाली नाही तर?’ हा प्रश्न आला की समजा, मजकूर पोचला.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीपत्रात मुख्य संशोधकाबरोबर समितीचाही, म्हणजे अध्यक्ष किंवा सदस्य-सचिव अशांचा, संपर्क द्यावा लागतो. तो हमखास राहतो.

मात्र मंजुरी मिळालेल्या प्रतीत परस्पर काहीही बदलू नका, अगदी फोन नंबरसुद्धा. आधी दुरुस्तीचा अर्ज, मग मंजुरी, आणि त्यानंतरच नवी प्रत वापरायला काढा.