विडी कामगार बायकांचं मतदान वाढवायचं तर यादीपासून लागा

सोलापुरात मी विडी कामगारांच्या युनियनचं काम करते. महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या बायका मतदानाला उतराव्यात म्हणून आम्ही काय करतो, ते इतर युनियनच्या कार्यकर्त्यांसाठी लिहितेय.

पालिकेची वेगळी मतदार यादी नसते. विधानसभेची यादीच राज्य निवडणूक आयोग प्रभागवार फोडतो. नाव भलत्याच प्रभागात गेलं असेल, तर प्रारूप यादीवर हरकत घेऊन ते दुरुस्त होतं. पण मूळ यादीतच नसलेलं नाव तेव्हा कुणीही घालून देत नाही. नव्या नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलला असेल तर नमुना ८, हे निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी भरून घ्या.

आमच्याकडे पत्त्याचा प्रश्न मोठा. २००६ मध्ये विडी कामगारांना कुंभारीला दहा हजार घरं मिळाली. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, पालिकेच्या हद्दीबाहेर. बाई राहते कुंभारीत, नाव मात्र शहरात पूर्व भागातल्या जुन्या घरावर. तिचं पाणी, गटार, दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे, आणि मत दुसऱ्याच गावच्या कारभाऱ्यांना! ‘राहू दे की शहरात, आपल्याच माणसाला मत पडेल’ म्हणणारे भेटतात. त्यांचं अजिबात ऐकू नका. बाई जिथे राहते तिथेच तिचं नाव हवं, कायदाही तेच सांगतो.

यादी तपासायला घरोघर फिरण्याआधी कारखान्याच्या दारात बसा. विड्या द्यायला आणि पान-तंबाखू न्यायला बायका तिथे येतातच, आणि रांगेत वेळ असतो. सोबत तेलुगू बोलणारी एक कार्यकर्ती हवीच. आमच्या बहुतेक बायका घरात तेलुगू बोलतात, आणि मराठी यादीत त्यांच्या आडनावांची पार मोडतोड झालेली असते. नाव सापडलं नाही तर नवऱ्याच्या नावाने, मग शेजारणीच्या घर क्रमांकाने शोधा. लग्न झालेल्या मुलींची नावं माहेरच्या यादीत बघा. केंद्र आणि अनुक्रमांक चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या. चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे, हे प्रत्येकीला सांगा. मतदार कार्ड, आधार किंवा आयोगाने मान्य केलेलं दुसरं ओळखपत्र सोबत लागतंच.

हे करताना चिन्हाचा विषय काढायचा नाही. युनियनची भूमिका सभेत मांडा. यादीच्या टेबलावर दुसऱ्या पक्षाची बाईही निर्धास्तपणे आली पाहिजे.

बटणांची तालीम मात्र सगळ्यांकडून करून घ्या. मुंबईत एकच नगरसेवक निवडायचा असतो. आमच्या बहुतेक प्रभागांत चार जागा, म्हणजे चार मतं. एक बटण दाबून बाई बाहेर निघाली तर मतदान पूर्ण होत नाही. अ, ब, क, ड, प्रत्येक जागेसाठी एक बटण. कुणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरतं ‘नोटा’. शेवटच्या बटणानंतर लांब आवाज येतो, तोवर हलायचं नाही. आम्ही पुठ्ठ्यावर चार रंगांचे कागद चिकटवून हे शिकवतो. म्हाताऱ्या बायकांची भीती त्यानेच जाते.

आता मतदानाचा दिवस. सुट्टी जाहीर होते, पण हजार विड्यांवर मजुरी घेणारीला सुट्टीचा काय फायदा? दिवस मोडला की मजुरी गेली. त्यामुळे आदल्या दिवशीच जास्तीचं पान-तंबाखू मिळावं, असं कारखान्यात आधी बोलून ठेवा. १५ जानेवारी २०२६ ला मतदान आलं ते ऐन गड्डा यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत. त्या रात्री शोभेचं दारूकाम, घरोघरी पाहुणे. अशा वेळी दुपारवर विसंबू नका. साडेसातला केंद्र उघडतं, तेव्हा गल्लीतल्या दहा-बाराजणींना एकत्र काढा. एकटी बाई ‘नंतर जाते’ म्हणते, घोळका निघाला की तीही पदर खोचून निघते.

उमेदवाराने पाठवलेल्या रिक्षात कुणाला बसवू नका. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे, तेव्हा युनियनचा बिल्लाही बाहेरच काढून ठेवा. दुपारी तीनला चिठ्ठ्यांवरून कोण राहिलं ते बघा आणि फक्त त्याच घरांची कडी वाजवा. साडेपाचला केंद्र बंद होतं, पण त्या वेळी रांगेत असलेल्या प्रत्येकीला मत देता येतं. पाच वाजता कुणी ‘आता काय उपयोग’ म्हणालीच, तर तिला हे सांगा आणि सोबत घेऊन निघा.