कोअर बदलले की बुधाची कक्षा बदलायची, त्यावरचा उपाय

ग्रह आणि हजारो लघुग्रहांचा आमचा एन-बॉडी कोड (गुरुत्वाकर्षणाने कक्षा कशा बदलतात ते मोजणारा प्रोग्रॅम) ६४ कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या ६४ गणन-एककांवर, एक उत्तर द्यायचा, १२८ वर दुसरं. इनपुट तेच. फरक सोळाव्या अंकात, पण बुधासाठी तेवढाही पुरतो: लास्कर आणि गास्तिनो या संशोधकांनी २००९ मध्ये त्याच्या कक्षेत ०.३८ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी फरक करत २,५०१ सिम्युलेशन चालवली, तर सुमारे १ टक्का सिम्युलेशनमध्ये कक्षा भलतीच लंबगोल झाली.

मूळ सापडलं एमपीआयच्या बेरजेत; एमपीआय म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसमध्ये (प्रोग्रॅमच्या प्रतींमध्ये) आकड्यांची देवाणघेवाण करण्याची पद्धत. प्रोसेस बदलल्या की बेरजेचा क्रम बदलतो, आणि (अ+ब)+क हे अ+(ब+क) इतकंच येईल याची डबल प्रिसिजनमध्ये (सुमारे सोळा अंकांपर्यंतच्या आकड्यांत) खात्री नाही. मग लघुग्रहांचे ठरावीक गट पाडले, प्रत्येकाची बेरीज कहान पद्धतीने (राउंडिंगमध्ये सुटलेला अंश लक्षात ठेवून दुरुस्त करत) केली आणि त्या गट-क्रमांकानेच मिळवल्या. फास्ट-मॅथ (वेगासाठी गणिताचे नियम सैल करणारा कंपायलरचा पर्याय) मात्र बंदच हवं, नाहीतर कंपायलर कहानची दुरुस्तीच उडवून टाकतो. वेळ थोडा जास्त लागतो, लागू दे. उत्तर आता शेवटच्या बिटपर्यंत जुळतं.