जुना ट्रक घरी दुरुस्त करून उभा करताय? या चुका टाळा

महिंद्राने 1965 मध्ये एफसी-150 हा पेट्रोलवर चालणारा छोटा ट्रक काढला. मूळ नमुना जीप बनवणाऱ्या अमेरिकेच्या विलिस कंपनीचा. चपटं तोंड, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकावर बसलेला आणि इंजिन दोन सीटच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. मे महिन्यात ज्याने तो चालवलाय त्याला डाव्या मांडीला बसणारी धग वेगळी सांगायला नको. अंगणात मावतो आणि इंजिन जीपचंच असल्याने भागही बऱ्यापैकी मिळतात, म्हणून घरच्या घरी सावकाश उभा करायला हा ट्रक चांगला. पुढचं सगळं त्यालाच धरून लिहिलंय. मोठ्या ट्रकवाल्यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

गॅरेजमध्ये महिन्याभरात उरकणारं काम आणि घरी सुट्टीच्या दिवशी चालणारं काम यांची जात वेगळी. हौशी माणसाचं नुकसान पाना चुकीचा धरल्याने फारसं होत नाही. एका रविवारी उघडून ठेवलेलं दुसऱ्या रविवारपर्यंत गंजतं, हरवतं किंवा विसरलं जातं, तिथे होतं.

कागद न बघता गाडी ओढून आणणं

"कागद नंतर बघू" म्हणून टो करून आणलेल्या गाड्या अंगणातच संपतात. आधी आरसी मागा. मग चेसिसवरचा नंबर शोधा, डिझेलचा बोळा आणि हातातल्या वायर ब्रशने तो साफ करा, त्यावर कागद धरून पेन्सिल घासा आणि उमटलेला छाप आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. पासिंगला हाच छाप लागतो. त्यामुळे पुढे चेसिस सँडब्लास्टला द्याल किंवा ग्राइंडर फिरवाल, तेव्हा नंबरच्या जागेवर आधी जाड टेप लावा. पुसट झालेला नंबर आणि मुद्दाम खोडलेला नंबर यातला फरक पोलिसांना पटवून देताना नाकी नऊ येतात.

ट्रक मालवाहू म्हणून नोंदलेला असेल तर थकलेला टॅक्स किती आहे ते सौद्याआधी काढा. 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. पण हा नियम दुचाकी आणि चारचाकी खासगी गाड्या डोळ्यासमोर ठेवून केलेला आहे. मालवाहू ट्रक त्यात बसेलच असं धरून चालू नका, आपल्या आरटीओत आधी विचारा.

याच कारणाने डिझेल इंजिन बसवायचा मोह आवरा. गावोगावी जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिनं बसली, गाड्या स्वस्तात चालल्या हेही खरं. पण आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतं. शिवाय हौस म्हणून करताय, तर ॲव्हरेजचा हिशेब कशाला?

पहिल्याच उत्साहात सगळं खोलणं

पहिल्या दोन सुट्ट्यांत ट्रकचा सांगाडा होतो आणि तिसऱ्या सुट्टीला लग्न निघतं. चार महिन्यांनी परत यावं तर डबाभर बोल्ट, आणि कुठला कुठे ते कुणालाच आठवत नाही. एका वेळी एकच भाग खोला, तो पुरा करा, मग पुढे जा. बोल्ट डब्यात टाकण्यापेक्षा जिथून काढला त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा. फोटो तर काढाच, पण फोटोत ब्रॅकेटची खालची बाजू दिसत नाही, म्हणून वहीत चित्रही काढा. तुटका, सडका भाग नवा हातात येईपर्यंत फेकू नका. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाला नवा पार्ट काढून देईल, पण नमुना हातात दिला तर.

चाकं काढतानाच पहिला धडा मिळतो. या घराण्याच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. नेहमीप्रमाणे सोडवायला जावं तर ते आवळत जातात, मग पान्ह्याला पाइप लावला जातो आणि स्टड तुटतो. स्टडच्या तोंडावर 'एल' कोरलंय का बघा. मधे कुणी हब बदलला असेल तर सरळ आटेही सापडतील, म्हणून बघूनच जोर लावा. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका. घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, त्याही फरशीवर. मातीत घोडी पावसाने खचते.

जाम इंजिनाला सेल्फ किंवा टो मारणं

बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरतात. टो करून गिअर टाकला की रिंगा तुटतात, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओता आणि आठवडाभर विसरून जा. मग क्रँकच्या पुलीवरच्या नटाला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. केसभर जरी हललं तरी पुढचं काम वेळ करतो. इथे मात्र सुट्टी-सुट्टीने चालणारं काम गॅरेजवाल्यापेक्षा बरं, त्याला आठवडाभर थांबणं परवडत नाही.

हे इंजिन एफ-हेड आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. ज्यांनी नुसती ओव्हरहेड इंजिनं पाहिली आहेत ते वरचे टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) सेट करून मोकळे होतात. बाजूच्या झाकणामागचे एक्झॉस्टचे टॅपेट तसेच राहतात आणि मग कॉम्प्रेशन का मिळत नाही म्हणून डोकं धरून बसतात. थंड इंजिनावर इनटेकला 18 थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि एक्झॉस्टला 16 थाउ गॅप ठेवा.

हेड काढताना आणखी एक फसगत. दिसणारे सगळे बोल्ट निघाले तरी हेड उचललं जात नाही. गॅस्केट चिकटलंय असं वाटून माणूस फटीत छिन्नी घालतो आणि हेडची कड फोडतो. कार्बुरेटर काढा आणि तो बसतो त्या भोकात टॉर्च मारा. आत, हवेच्या वाटेतच, हेडचा एक बोल्ट दडलेला आहे. काजळीने तो इतका माखलेला असतो की बोटाने चाचपल्याशिवाय कळत नाही.

ब्रेक शेवटी ठेवणं

इंजिन सुरू झाल्यावर गल्लीत एक चक्कर मारायची घाई सगळ्यांना होते. या ट्रकला ब्रेकची एकच लाइन आहे. चारपैकी एका व्हील सिलिंडरला गळती लागली तरी पेडल थेट तळाला जातं. माझ्या मते इंजिनला हात लावण्याआधी ब्रेक करावेत, पण त्यात मजा नाही म्हणून कुणी करत नाही.

जुन्या ब्रेक शूच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. रबरी किट पेट्रोल-डिझेलने धुऊ नका. रबर फुगतं आणि नवं किट पहिल्याच दिवशी अडकतं. ते ब्रेक ऑइलनेच धुवायचं. फोडलेला डबा पुढच्या वर्षीसाठी ठेवू नका, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि वाकवायला सोपी म्हणून फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी घालणारे मिस्तरी भेटतात. त्यांना नाही म्हणा. थरथरीने ती तडकते. ब्रेकला स्टीलचीच पाइप हवी.

आजचं पेट्रोल आणि कालची गाडी

पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या फ्युएल पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या त्याला टिकत नाहीत. टाकीच्या तळाशी बसलेला जुना डिंकही ते सोडवतं, आणि तो थेट कार्बुरेटरच्या जेटमध्ये जातो. "कालपर्यंत चालत होती, टाकी फुल केली आणि बंद पडली" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं. पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर लावा आणि इथेनॉलला चालणारी नळी मागून घ्या. भरलेल्या टाकीने गाडी पावसाळाभर उभी ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते. टाकीला भोक असेल तर "रिकामीच आहे" म्हणून वेल्डिंग करू देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच फुटते.

सुरू होत नसेल तर

एका वेळी तीन गोष्टी बदलू नका. मग कशाने बिघडलं आणि कशाने सुधारलं ते कळत नाही.

स्पार्क आहे का ते आधी बघा. नसेल तर डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासून 20 थाउ गॅप ठेवा. पॉइंटवर मोठी निळसर ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेला. स्पार्क आहे पण कार्बुरेटरमधून फटाके येताहेत, तर वायरी चुकल्या आहेत किंवा डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसलाय. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते कॅप काढून डोळ्यांनी बघा आणि त्याच दिशेने वायरी लावा. थंडपणी सुरू होऊन चढावर बंद पडत असेल तर पेट्रोलची वाफ अडकते. फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवा. सुरू झाली तर निदान पक्कं, मग नळी सायलेन्सरपासून लांब घ्या.

इंजिन चालतंय पण गिअर पडत नाही, नुसता खरखराट? पावसाळ्यात क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. म्हणून जूनआधी क्लच दाबून पेडल आणि सीटमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवा.

रेडिएटर गळतोय म्हणून हळद टाकणं हा रस्त्यावरचा तात्पुरता उपाय, घरी पोचण्यापुरता. घरी उभ्या गाडीत हळद टाकलीत तर नळ्या बुजतील आणि इंजिन तापायला लागेल.

गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-4 आहे की जीएल-5 ते वाचा. गिअरबॉक्सात पितळी रिंगा आहेत आणि जीएल-5 मधली गंधकाची भेसळ पितळ खाते. गिअरबॉक्समधलं ऑइल वाढतंय आणि ट्रान्स्फर केसमधलं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतलं) कमी होतंय (किंवा उलट) असं दिसलं तर ऑइल ओतत बसू नका, मधलं सील बदला.

रंगाची घाई, पावसाळ्याचं दुर्लक्ष

रेड ऑक्साइड प्रायमर मारला की पत्रा सुरक्षित झाला असं पुष्कळांना वाटतं. प्रायमर सच्छिद्र असतो, पाणी आत जाऊ देतो. नुसत्या प्रायमरवर एक पावसाळा गेला की त्याखाली गंज धरतो. कोकणात खारी हवा असेल तर दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटायला लागतात. ज्या आठवड्यात प्रायमर, त्याच आठवड्यात वरचा रंग. ते जमणार नसेल तर पत्रा उघडूच नका, जुना रंग असेल तसा राहू द्या. सडलेल्या पत्र्यावर पुट्टीचा थर चढवून देणाऱ्या पेंटरला हात जोडा. पत्रा कापून नवा तुकडा जोडायला टिनकामवाला शोधा, दोन पैसे जास्त गेले तरी.

प्लास्टिकची ताडपत्री गाडीवर घट्ट बांधू नका, आत वाफ धरते. वर पत्र्याचं छप्पर आणि चारही बाजूंनी वारा असावा. पावसाळ्याआधी बॅटरी काढून घरात ठेवा, स्प्रिंगच्या पाट्यांना जुनं इंजिन ऑइल लावा आणि सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबा, म्हणजे उंदीर आत घर करणार नाहीत. बोळ्याला लाल चिंधी बांधा आणि स्टिअरिंगवर दिसेल अशी एक खूणही ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात सेल्फ मारमारून बॅटरी उतरते आणि स्पार्क, पेट्रोल सगळं तपासून झाल्यावर मग बोळा आठवतो.