इंजिनाच्या कोडसफाईला बसण्यापूर्वी: मुंबईतील गटासाठी तयारीची यादी

गोडो या ओपन सोर्स गेम इंजिनाच्या कोडची साफसफाई आणि देखभाल करण्यासाठी आपला गट लवकरच एका रविवारी दादरला एकत्र बसणार आहे. त्या दिवशी कोडला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने काय तयार ठेवावे, हे येथे लिहिले आहे. सफाई म्हणजे नवख्यांना देण्याचे सोपे काम, असा एक समज आहे. तो मला मान्य नाही. नवी सोय जोडताना चुकले तर बहुधा त्या सोयीपुरते चुकते, पण सफाईत चुकले तर कालपर्यंत नीट चालणारा कोणाचा तरी गेम बिघडतो, आणि त्या बदलाच्या शीर्षकात नुसते ‘सफाई’ असे लिहिलेले असल्यामुळे दोष शोधणाऱ्याची नजर तिथे सर्वांत शेवटी जाते. म्हणून यादीतील बहुतेक बाबींचा रोख एकाच गोष्टीवर आहे: इंजिनाचे वर्तन जसेच्या तसे राहिले, हे दाखवता येईल एवढी सामग्री आधीच हाताशी असावी.

रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा सगळा इतिहास ठेवलेला गिटचा साठा, घरूनच पूर्ण उतरवून आणावी. फक्त बिल्ड करायचा, म्हणजे कोडपासून चालणारे इंजिन बांधायचे असेल, तर शेवटच्या कमिटापुरता (नोंदवलेल्या बदलापुरता) उथळ क्लोन, म्हणजे अपुरा इतिहास असलेली प्रत, पुरतो, पण सफाई करताना ‘ही ओळ इथे का आली’ हे वारंवार विचारावे लागते आणि त्याचे उत्तर इतिहासात असते. कोणती ओळ कोणत्या कमिटात आली हे दाखवणारा गिटचा ब्लेम उथळ क्लोनमध्ये चालवला तर सगळ्या ओळी एकाच कमिटाच्या नावावर दिसतात. जुन्या फाइलींचा मजकूर गरज पडेल तेव्हा मागवणारा अर्धवट क्लोन हा मधला मार्ग चांगला आहे, मात्र ब्लेमच्या वेळी तो पुन्हा नेटकडे धावतो, आणि एका वाय-फायवर सगळ्यांनी एकदम तसे केले की काम तिथेच अडते. गटातील एकाने गिट बंडल (इतिहासासह रिपॉझिटरीची एकच फाइल) तयार करून पेनड्राइव्हवर आणावा, म्हणजे ज्याचा क्लोन अपुरा असेल त्याला तो नेटशिवाय पुरा करता येईल. पहिला पूर्ण बिल्डही आदल्या दिवशी उरकावा. गोडोचा बिल्ड एसकॉन्स या बांधणीच्या साधनावर चालतो, आणि साध्या लॅपटॉपवर पहिल्या खेपेस तो बराच वेळ खातो. नंतर मात्र बदललेल्या फाइली आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला भाग एवढेच पुन्हा कंपाइल होते. बिल्ड करताना डेव्ह मोडचा पर्याय चालू ठेवावा, कारण त्यात कंपायलरचे जादा इशारे मिळतात, प्रत्येक इशारा चूक म्हणून धरला जातो आणि चाचण्याही सोबत बांधल्या जातात. डिस्कवर जागा नसेल आणि एसएसडी घ्यायची असेल, तर लॅमिंग्टन रोडची फेरी शनिवारीच मारावी. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात.

यानंतर वाचन. गोडोची कोडलेखनाची शैली ठरलेली आहे आणि ती आपल्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही. इंडेंटसाठी टॅब वापरले जातात, मांडणी क्लँग-फॉरमॅट करतो, आणि प्री-कमिटचे हुक बसवून घेतले की कमिट करण्यापूर्वीच ती तपासली जाते. हे हुक प्रत्येकाने आधीच बसवून एकदा चालवून पाहावेत. चौथ्या आवृत्तीपासून कोड सी++१७ मध्ये आहे, तरी प्रमाण लायब्ररीतील कंटेनर त्यात वापरले जात नाहीत. व्हेक्टर, हॅशमॅप वगैरे इंजिनाचे स्वतःचे आहेत. एक्सेप्शन नाहीत, चुका हाताळण्यासाठी मॅक्रो आहेत, आणि ‘ऑटो’चा (चलाचा प्रकार कंपायलरवर सोपवण्याचा) वापर जवळजवळ वर्ज्य आहे. कार्यालयात रोज आधुनिक सी++ लिहिणाऱ्यांचे हात इथे शिवशिवतात, परंतु असा ‘आधुनिकीकरणा’चा बदल स्वीकारला जाणार नाही आणि त्यात तपासणाऱ्याचा वेळ मात्र जाईल. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर एमआयटी परवान्याचा ठोकळा असतो. त्यात २०१४ पासूनच्या योगदानकर्त्यांची एक ओळ आणि २००७ ते २०१४ या काळासाठी हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्सुर यांच्या नावाची दुसरी ओळ असते, कारण इंजिन खुले होण्याआधी काही वर्षे ते अर्जेंटिनात खासगीरीत्या लिहिले जात होते. फाइल हलवताना किंवा दोन भागांत तोडताना हा ठोकळा दोन्हीकडे राहील याची काळजी घ्यावी.

कोणत्या भागात काम करायचे ते आधीच ठरवून यावे. रिपॉझिटरीतील कोडओनर्स या फाइलीत कोणत्या फोल्डरची जबाबदारी कोणत्या चमूकडे आहे ते लिहिलेले आहे. आपण निवडलेला भाग त्यात पाहावा आणि तिथे आधीच एखादी मोठी पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) उघडी आहे का, हेही तपासावे, कारण आपण ओळी सरळ केल्या की ती पाठवणाऱ्या बिचाऱ्याला सगळा कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन बदलांची टक्कर, हाताने सोडवावा लागतो. थर्डपार्टी या फोल्डरला अजिबात हात लावू नये. फ्रीटाइप, झेडलिब, एमबेडटीएलएस अशा बाहेरून आणलेल्या लायब्ररी तिथे असतात. कोणती आवृत्ती आणली आणि तिच्यात कोणते बदल केले याची नोंद तिथल्याच रीडमीत असते, आणि आपण तिथे ‘सुधारलेली’ ओळ पुढच्या अद्ययावतीकरणात निमूटपणे पुसली जाते. वेळेचाही विचार व्हावा. आवृत्ती बीटा किंवा रिलीज कँडिडेटच्या टप्प्यावर असताना सांभाळणाऱ्यांना बगांपलीकडे काही नको असते. सफाईला योग्य काळ म्हणजे एक आवृत्ती निघाल्यानंतरचे पहिले आठवडे.

आता सर्वांत धोक्याचा प्रकार, म्हणजे ‘न वापरलेला’ कोड काढणे. समजा, एका वर्गात एक फंक्शन आहे, संपूर्ण सी++ कोडमध्ये शोधले तरी त्याला बोलावणारे कोणी सापडत नाही, आणि ते काढण्याचा मोह होतो. पण त्याच फाइलीच्या तळाशी ‘बाइंड मेथड्स’ या फंक्शनात त्याचे नाव नोंदलेले असेल, तर ते क्लासडीबीत, म्हणजे स्क्रिप्टसाठी उघड केलेल्या वर्गांच्या नोंदवहीत, गेलेले आहे आणि जगातील कोणत्याही गेमची जीडीस्क्रिप्ट (गोडोच्या स्वतःच्या भाषेतील स्क्रिप्ट) ते नावाने बोलावू शकते. ती हाक आपल्या रिपॉझिटरीत दिसणार नाही. नोंद नसली तरी शोध संपत नाही, कारण मजकूरस्वरूपातील नाव देऊन उशिराने बोलावण्याची सोय इंजिनात आहे. म्हणून नुसत्या ओळखनावाचा शोध न घेता अवतरणचिन्हांतील मजकुरातही तेच नाव शोधावे, आणि एडिटर, मॉड्यूल्स व प्लॅटफॉर्म या तिन्ही फोल्डरांत शोधावे. अँड्रॉइडच्या बाबतीत तर हाक जावा किंवा कोटलिनच्या फाइलीतून येते, तेव्हा शोध सी++ फाइलींपुरता ठेवू नये. कोणता खांब भार घेतो हे पाहिल्याशिवाय चाळीतली भिंत पाडत नाहीत, तेवढीच सावधगिरी इथे हवी.

तसाच फसवा प्रकार एनमचा, म्हणजे आकड्यांना नावे देणाऱ्या यादीचा. एखाद्या एनममधील नावे वेडीवाकडी लागलेली दिसतात आणि ती वर्णानुक्रमे लावावीत असे वाटते. कंपायलर तक्रार करत नाही, चाचण्याही बहुधा पार पडतात. परंतु टीएससीएन फाइलीत, म्हणजे गेमचा सीन जिथे जतन होतो तिथे, त्या गुणधर्माची किंमत आकड्याच्या रूपात साठवलेली असते. तिथे ‘२’ असे लिहिलेले असेल आणि आपण क्रम बदलल्यामुळे दोनचा अर्थ बदलला असेल, तर ज्याने वर्षभरापूर्वी सीन जतन केला त्याचा डाव्या कडेचा मजकूर उजव्या कडेला जाईल किंवा पोत (टेक्स्चर) ताणण्याऐवजी पुन्हा पुन्हा उमटेल, आणि कुठेही चूक दाखवणारा संदेश येणार नाही. बाहेर उघड केलेल्या एनममध्ये क्रम हा कराराचाच भाग असतो. गुणधर्मांच्या नावांनाही हेच लागू आहे: जुन्या नावाने जतन झालेले सीन उघडता यावेत म्हणून ठेवलेले कोडचे तुकडे ‘डिसेबल डेप्रिकेटेड’ या अटीच्या आत दिसतात, आणि ते कुरूप असले तरी अडगळ नाहीत.

हेडर फाइलींतील (घोषणांच्या फाइलींतील) अनावश्यक इन्क्लूड, म्हणजे दुसरी फाइल ओढून घेणाऱ्या ओळी, काढणे हे मात्र आपल्यासारख्या गटाला खरोखर शोभणारे काम आहे, कारण त्याचा लाभ सर्वांना मिळतो: अनेक ठिकाणी ओढल्या जाणाऱ्या हेडरमधून एक जड इन्क्लूड निघाला, तर त्या जड फाइलीत बदल झाल्यावर दरवेळी पुन्हा कंपाइल होणाऱ्या फाइली कमी होतात. त्यासाठी नियम पक्का डोक्यात ठेवून यावे. हेडरमध्ये एखाद्या वर्गाचा फक्त पॉइंटर किंवा रेफरन्स वापरला असेल, तर पूर्वघोषणा (वर्गाचे नुसते नाव सांगणारी ओळ) पुरते; वर्ग वारशाने घेतला असेल किंवा त्याची वस्तू सदस्य म्हणून थेट ठेवली असेल, तर पूर्ण व्याख्याच लागते. टेम्प्लेट असतील तिथे घाई करू नये, कारण व्याख्येची गरज घोषणेच्या ओळीत दिसत नाही, डिस्ट्रक्टर जिथे तयार होतो तिथे उपटते. काढलेल्या इन्क्लूडवर आडवाटेने जगणाऱ्या फाइलीही असतात, आणि त्या फाइली मॅकओएस किंवा वेबच्या फोल्डरात असल्या तर आपल्या लिनक्स लॅपटॉपवर सगळे हिरवेगार दिसते. यावरचा उपाय फुकट आहे: प्रत्येकाने गिटहबवरील आपल्या फोर्कमध्ये (रिपॉझिटरीच्या स्वतःच्या प्रतीत) अ‍ॅक्शन्स (आपोआप बिल्ड करण्याची सोय) आधीच चालू करून ठेवाव्यात, म्हणजे ब्रँच ढकलताच विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड, आयओएस आणि वेब या सर्वांसाठी बिल्ड होऊन पाहता येतो आणि मुख्य रिपॉझिटरीची यंत्रे आपल्या अंदाजांवर खर्ची पडत नाहीत.

काहीही बदलण्यापूर्वी ‘आधीची स्थिती’ जतन करावी. मास्टरवर (मुख्य शाखेवर) बिल्ड केलेले इंजिन चाचण्यांच्या पर्यायासह चालवून, कोणत्या चाचण्या आधीपासूनच नापास आहेत ते लिहून ठेवावे. इंजिनाचा डॉकटूल हा पर्याय चालवून वर्गांच्या संदर्भाच्या एक्सएमएल फाइली, आणि वेगळ्या पर्यायाने एक्स्टेन्शन एपीआयची (बाहेरच्या जोडण्यांना दिसणाऱ्या फंक्शनांची) जेसन फाइल काढून बाजूला ठेवावी. बदलानंतर दोन्ही पुन्हा काढाव्यात. काम निव्वळ सफाईचे असेल तर जुन्या-नव्यातला फरक पूर्ण रिकामा आला पाहिजे, आणि एक ओळ जरी वेगळी निघाली तर ते काम सफाईच्या नावाखाली जाऊ नये. अर्थात यातून फक्त बाहेरून दिसणारी बाजू तपासली जाते. आतले वर्तन तपासायला त्या भागाची चाचणी नसेल तर आधी चाचणी लिहावी आणि ती वेगळी पाठवावी. गोडोच्या चाचण्या डॉकटेस्ट या चाचणीच्या लायब्ररीवर आहेत आणि जुन्या चाचणीची नक्कल करून नवी लिहिणे कठीण नाही. मेमरीची मालकी बदलत असेल, तर अ‍ॅड्रेस सॅनिटायझरचा (मेमरीतील चुका पकडणारा) वेगळा बिल्डही सोबत असावा. आधीची आणि नंतरची बायनरी बाइट बाय बाइट जुळवून पाहण्याची कल्पना काहींनी मांडली आहे. ती इथे फारशी चालत नाही, कारण चुकांचे मॅक्रो फाइलीचे नाव आणि ओळीचा क्रमांक बायनरीत घालतात, आणि वर एक रिकामी ओळ वाढली तरी आकडे बदलतात.

इतिहास वाचण्याची अवजारे आदल्या दिवशी नीट करून ठेवावीत. मोठमोठ्या मांडणीबदलांचे कमिट ब्लेममध्ये आडवे येऊ नयेत म्हणून रिपॉझिटरीत त्यांची एक यादी ठेवलेली आहे. अशा यादीतील कमिट वगळण्याची सोय गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून आहे, पण आपल्या क्लोनमध्ये ती यादी एकदा कॉन्फिगमध्ये सांगावी लागते. एखादा मजकूर कोडमध्ये केव्हा आला वा गेला हे शोधणारा लॉगचा कॅपिटल एस हा पर्याय सर्वांना यायला हवा. विचित्र दिसणाऱ्या अटीमागे पुष्कळदा एखाद्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा बग असतो आणि तो फक्त कमिटच्या संदेशात लिहिलेला असतो.

पाठवण्याच्या बाबतीत थोडक्यात: एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच विषय आणि शक्यतो एकच कमिट असावा, शीर्षक इंग्रजीत आज्ञार्थी असावे, मास्टर पुढे गेला तर मर्ज न करता रिबेस करावे, म्हणजे आपले बदल नव्या मास्टरवर पुन्हा रचावेत. कोड एका फाइलीतून दुसरीकडे हलवताना त्याच कमिटमध्ये त्यात दुरुस्ती करू नये. जशाच्या तशा हललेल्या ओळी गिट वेगळ्या रंगात दाखवू शकतो, आणि तपासणाऱ्याला तेवढ्या भागावरून नजर सरकवता येते. सफाई करताना खरा बग सापडला तर तो आधी वेगळा दुरुस्त करून पाठवावा, म्हणजे जुन्या स्थिर आवृत्तीतही तो उचलून नेता येतो.

रविवार असल्यामुळे मध्य आणि हार्बर मार्गावरील मेगाब्लॉक व पश्चिम मार्गावरील जम्बो ब्लॉकचे वेळापत्रक शनिवारी पाहून निघावे. एक्स्टेन्शन बोर्ड गटाकडे आहेत, चार्जर मात्र आपापला आणावा. नवख्यांनी शक्यतो एखाद्या जाणत्याच्या शेजारी बसावे आणि दोघांनी मिळून एकच बदल हाती घ्यावा.

त्या दिवशी उघडलेल्या प्रत्येक पुल रिक्वेस्टपुढे, ती पुढे कोण सांभाळणार त्याचे नाव गटाच्या वहीत लिहिले जाईल. तपासणीला काही आठवडे लागू शकतात, त्या काळात दोन-तीनदा रिबेस करावे लागेल आणि शंकांना उत्तरे द्यावी लागतील. ज्यांच्या विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या आहेत त्यांनी आपले नाव लिहू नये, त्यांनी दुसऱ्याच्या बदलाची तपासणी करावी. सांभाळणाऱ्याला पुढे वेळ मिळेनासा झाला तर त्याने तसे सरळ लिहून पुल रिक्वेस्ट बंद करावी आणि ब्रँच ठेवावी, म्हणजे दुसऱ्या कोणालाही ती तिथून उचलता येईल.